आरोळी झाली होती

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, शरीफालाही नाही – आणि तिच्यापासून काही लपवणं किती अवघड होतं ते माझं मला ठाऊक. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. शिवाय कागदावर सांगताना कोणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

खर्ड्याच्या बाजारात कोणालाही विचारा, बहिरा इस्माईल कुठे राहतो म्हणून. घर दाखवतील. मला तोंडावरच बहिरा म्हणतात, कारण मला ते ऐकू येत नाही अशी सगळ्यांची खात्री आहे. गंमत अशी की माझ्या बरोबरीचे जे थोडे उरलेत, ते आता खरोखरच बहिरे झालेत, नातवंडं त्यांच्या कानाशी जाऊन ओरडतात. माझा डावा कान लढाईत गेला तो गेला. उजवा मात्र अजून ठणठणीत आहे. शेजारच्या घरात भांडं पडलं तर ते पितळेचं की जर्मनचं, हे मी सांगू शकतो. सांगत नाही, एवढंच.

हा कान बरा आहे हे मी लपवलं. पण कबूल करायचं आहे ते तेवढंच नाही. तेवढंच असतं तर हसत हसत सांगितलं असतं, चहाच्या दुकानात बसून. सरकारला गंडवलं म्हणून कोणाची झोप उडाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. सांगायचं आहे ते त्याच्या पुढचं, आणि तिथे पोचायला मला थोडं मागून यावं लागेल.

लढाईत मी गेलो होतो खरा, पण बंदूक हातात धरली नाही. आमची पलटण रस्ते करणाऱ्यांची. आसामच्या बाजूला डोंगर फोडायचे आणि गाड्यांना वाट करून द्यायची. पहारीने खडकाला भोक कसं पाडायचं, सुरुंगाची दारू किती ठासायची, वात केवढी ठेवायची, हे सगळं मी तिथे शिकलो. एक दिवस एक सुरुंग वेळेआधीच उडाला. मी जरा लांब होतो म्हणून वाचलो. दोन्ही कानांतून रक्त आलं आणि सगळं गप्प झालं. दवाखान्यातून मला थेट घरी पाठवलं आणि बहिरेपणाची पेन्शन बसली. ती तालुक्याला पोस्टात जाऊन घ्यायची, आणि वर्षातून एकदा नगरला लष्करी दवाखान्यात जाऊन कान दाखवायचे. कान बरे झाले तर पेन्शन बंद.

घरी आलो तेव्हा अम्मा दारात उभी होती. तिचे ओठ हलत होते. ती काय म्हणाली ते मला आजही माहीत नाही – आणि तेव्हा मी खोटं वागत नव्हतो. हे एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

काही महिने गेले. एका सकाळी मी ओट्याला टेकून बसलो होतो आणि आतून थप्‌ थप्‌ असं काहीतरी यायला लागलं. आधी वाटलं डोक्यात काही होतंय. मग कळलं – शरीफा भाकरी थापत होती. मी ताडकन उठून उभा राहिलो. ओरडून सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.

आणि मी परत खाली बसलो.

का बसलो? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता उत्तर पाठ झालंय. तेव्हा सरकार विहिरींना तगाईचं कर्ज देत होतं. धान्य पिकवा, विहिरी खोदा, जुन्या असतील तर खोल करा, असं चाललं होतं. आमच्या पूर्वेकडच्या माळावर तर खाली सगळा काळा खडक, कुदळीने टवका उडत नाही. सुरुंग लावणारा माणूस हवा. मला ते येत होतं. कोणाची नोकरी न करता आपला स्वतःचा धंदा करायचा, असं मी आसामातच ठरवून आलो होतो. पण पहारी, छिन्न्या, दोर, दारू – हे सगळं जमवायचं, आणि पहिलं काम मिळून त्याचे पैसे हातात येईपर्यंत घर चालवायचं, ते कशावर? पेन्शनीवर. मी म्हटलं, पहिली विहीर होईपर्यंत बहिरा राहू. मग नगरला जाऊन सांगून टाकू की बाबांनो, कान आला.

पहिली विहीर झाली. मग म्हटलं, दुसरी होऊ दे.

बहिरं राहणं सोपं नसतं, बरं का. डोळा मिटण्यावर सगळा खेळ आहे. नगरच्या दवाखान्यात डॉक्टर पाठीमागे उभा राहून अचानक लोखंडी ताट आपटतो आणि आपल्या पापण्यांकडे दुसरा माणूस बघत असतो. त्यासाठी मी तांबटाच्या दुकानासमोर जाऊन बसायचो. तो हंड्यावर हातोडा घालायचा, मी समोरच्या भिंतीकडे बघायचो. पापणी हलायची बंद होईपर्यंत बसलो. तांबट बिचारा लोकांना सांगायचा, पोराला माझ्या दुकानाशी बरं वाटतं.

आणि लोक बोलायचे! माझ्यादेखत काय वाटेल ते बोलायचे. कोणाच्या सुनेचं काय, कोणी कोणाच्या बांधाचा दगड सरकवला, कोणाला माझी कीव येते, कोणाला माझी पेन्शन डोळ्यांत खुपते. सुरुवातीला मला फार मजा वाटली. मग भीती वाटायला लागली. कारण मी जितकं ऐकत गेलो, तितकं परत ऐकू यायला लागणं अवघड होत गेलं. दोन वर्षं ज्यांनी माझ्यासमोर मन मोकळं केलं, त्यांना मी काय सांगणार होतो? आता हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ते लागणार आहे.

शरीफाला महिन्याभरातच कळलं. बायकोपासून कान लपत नाही. ती एकदा फक्त हळूच म्हणाली, "चूल विझली वाटतं," आणि मी चुलीकडे बघितलं. ती हसली नाही, रागावली नाही. तेव्हापासून घरात ती माझ्याशी कुजबुजत बोलायची आणि दारात आली की हातवारे करायची.

आता हणमंताबद्दल सांगतो.

हणमंता वडार. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, रुंद, बुटका, डोक्याला नेहमी लाल मुंडासं. खर्ड्याच्या ओढ्याकाठी त्यांची पालं होती, पिढ्यान्‌पिढ्या दगडाचं काम. मला भागीदार हवा होता, कारण विहिरीचं काम एकट्याचं नाही, आणि सुरुंगाच्या दारूचा परवाना बहिऱ्याला कोण देणार? परवाना हणमंताच्या नावावर काढला. निम्मी कमाई त्याची, निम्मी माझी. त्याने कधी कुरकूर केली नाही आणि कधी हिशेब मागितला नाही.

आमची कामाची रीत अशी. भोकं पाडून झाली, दारू ठासून झाली की वर काट्याकुट्या टाकून झाकायचं आणि मी विहिरीत थांबायचं. हणमंता काठावर उभा राहून चारी दिशांना तोंड करून तीनदा आरोळी द्यायचा – "बार हाय रं, बार!" आजूबाजूच्या रानातली माणसं, जनावरं लांब जायची. मग तो मला खूण द्यायचा, मी वातीला बत्ती लावून वर यायचो, दोघं पळत जाऊन आडोशाला बसायचो, आणि तिथून तो पुन्हा एकदा आरोळी द्यायचा. खूण कशी द्यायची? मी तर बहिरा. म्हणून आम्ही दोराची युक्ती काढली. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, एक त्याच्या हातात. आरोळी झाली की तो दोर ओढायचा. बघायला आलेल्या लोकांना त्या दोराचं फार कौतुक वाटायचं. बहिरा आणि वडार, दोराने बोलतात, असं पंचक्रोशीत झालं होतं.

मला दोराची गरज नव्हती. विहिरीत आवाज जितका स्वच्छ येतो तितका मशिदीतही येत नाही. हणमंताची आरोळी वर सुरू झाली की ती भिंतींवरून गोल फिरत खाली माझ्यापर्यंत यायची. मी तरीही दोराची वाट बघत बसायचो.

मग एक दिवस हणमंतापुढचं तेही सोंग संपलं. मी तळाशी भोक मारत होतो. वरून हणमंता ओरडला, "अंग चोर!" आणि मी पहार टाकून भिंतीला चिकटलो. हंड्याएवढा दगड माझ्या खांद्याजवळून गेला आणि मी उभा होतो तिथे फुटला. हणमंता सावकाश खाली उतरला, माझ्याशेजारी बसला, भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी माझ्या हातात दिली.

"कान हाय की तुला," तो म्हणाला.

मी मान हलवली. मग मीच त्याला सगळं सांगितलं, पेन्शनीचं, तांबटाचं. तो खूप हसला. विहीर भरून हसला. मी म्हटलं, शपथ घे. त्याने पहारीवर हात ठेवला. वडाराला पहार म्हणजे देव, दसऱ्याला तिला शेंदूर लागतो.

"ह्या पहारीची आन," तो म्हणाला. "माझ्या तोंडातनं कुनाला कळायचं न्हाई. लक्षिमीलाबी न्हाई." लक्ष्मी त्याची बायको.

दोर आम्ही तसाच ठेवला. लोकांना बघायची सवय झाली होती ना.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. खर्ड्यापासून दीड-दोन तासांच्या वाटेवर एक वाडी आहे, तिचं नाव घेत नाही, तिथे अजून त्यांची माणसं आहेत. बाबूराव नावाचा शेतकरी. सरळ माणूस, कामात चोख, आम्हाला दुपारी ताक पाठवायचा. जुनी विहीर खोल करायची होती. बाबूराव आणि त्याचा धाकटा भाऊ रंगनाथ, दोघं मिळून शेती करायचे. रंगनाथचं लग्न ठरलं होतं.

दुपारची वेळ. मी खाली. वर हणमंताने आरोळी दिली. एकदा. दोनदा. तीनदा. मी ती ऐकली. जशी आत्ता शरीफाच्या पलंगाची करकर ऐकतोय, तशी ऐकली. मग दोर ओढला गेला. मी बत्ती लावली, वर आलो, दोघं पळत जाऊन मोठ्या खडकाआड बसलो. हणमंताने पुन्हा आरोळी दिली. आणि त्या आरोळीनंतर – हे नीट ऐका – त्या आरोळीनंतर लांबून, घरची माणसं जाऊन थांबली होती त्या लिंबाच्या बाजूने बाबूरावाचा आवाज आला.

"रंगा, बैलं ऱ्हायली रं!"

बैलं विहिरीपलीकडच्या बाभळीला बांधलेली होती. आरोळी ऐकली म्हणूनच बाबूरावाला बैलांची आठवण झाली. नाहीतर त्याच घटकेला कशाला होईल? हणमंताने ते ऐकलं, रंगनाथला बैलांकडे धावताना बघितलं आणि तो आडोसा सोडून पळत सुटला, मुंडासं काढून हलवत, "मागं फिर, मागं फिर," म्हणत. मी ऐकलं आणि बसून राहिलो. बहिरा माणूस कशाला उठेल? मग बार उडाला.

हणमंताच्या खांद्याला कपची लागली. रंगनाथच्या डोक्याला दगड लागला. तो संध्याकाळपर्यंत होता. बैलांना काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी चावडीत फौजदार आला. सगळी वाडी जमली होती. बाबूराव भिंतीला टेकून बसला होता, त्याच्याकडे बघवत नव्हतं. फौजदाराने विचारलं, आरोळी झाली होती का? बाबूराव म्हणाला, नाही झाली. मग मान वर न करता म्हणाला, "ह्यो बहिरा भागीदार. त्याला काय ऐकू येतंय? म्हून ह्ये दोर वढत्यात. वरडत न्हाईत."

लोकांनी माना डोलावल्या. खरंच की, दोर तर सगळ्यांनी बघितला होता! माझ्यासाठी, माझ्या खोट्यासाठी ठेवलेला दोर. आरोळ्याही दर वेळी व्हायच्या, पण त्या कोणाच्या लक्षात राहिल्या नव्हत्या. दोर लक्षात राहिला होता.

बाबूरावाला मी दोष देत नाही. भावाला आपणच बैलांकडे धाडलं, हे गिळून माणूस कसा जगेल? त्याच्या जागी मी असतो तर मीही आरोळी झालीच नाही म्हटलं असतं, आणि दोन दिवसांनी मला ते खरंही वाटायला लागलं असतं. दोष द्यायचा तर तो द्यायला माझ्याकडे जवळचा माणूस आहे.

हणमंता उभा होता, खांद्याला फडकं बांधलेलं. "म्या तीनदा वरडलो, सायेब. चारी अंगाला तोंड करून. मागनं आनि एकदा."

"कोणी ऐकलं?" फौजदाराने विचारलं.

कोणी बोललं नाही. लिंबाखाली घरचीच माणसं होती, आणि त्यांच्या घरात प्रेत पडलेलं. बाकीची रानं लांब. आणि वडाराच्या एकट्याच्या शब्दाला चावडीत किती वजन, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग तलाठ्याला काय वाटलं कोण जाणे, तो माझ्याजवळ आला, वाकला, आणि माझ्या कानाशी – उजव्याच कानाशी – मोठ्याने ओरडला, "आरोळी दिली होती का त्याने?"

मी कानामागे हात धरला.

एवढंच केलं. खोटं बोललो नाही, शपथ घेतली नाही, एक अक्षर तोंडातून काढलं नाही. कानामागे हात धरला आणि त्याच्याकडे बावळटासारखं बघितलं. मागून कोणीतरी म्हणालं, "त्याला काय इचारता, त्यो ठार बहिरा हाय." तलाठी हसला आणि परत जाऊन बसला.

हणमंताने माझ्याकडे बघितलं. गयावया नव्हती त्यात. रागही नव्हता. एखादा माणूस ओझं उचलायच्या आधी समोरचा हात लावतोय का ते बघतो ना, तसं बघितलं. मग त्यानेच आधी नजर काढून घेतली.

त्याला एक वाक्य पुरेसं होतं. "सायेब, ह्याला ऐकू येतंय." ताट आपटा, सुई टाका, काहीही करा, पण ह्याला विचारा. एवढं बोलला असता तर माझं सोंग तिथल्या तिथे उतरलं असतं आणि मला खरं बोलावं लागलं असतं. तो बोलला नाही. पहारीवर हात ठेवला होता ना त्याने.

आता तुम्ही म्हणाल, पेन्शन जाईल म्हणून गप्प बसलास. मीही बरीच वर्षं स्वतःला तेच सांगत आलो, कारण ते कारण त्यातल्या त्यात बरं दिसतं. गरीब माणूस, म्हातारी आई, वगैरे. पण ते खरं नाही. तोवर धंदा नीट चालू लागला होता, पेन्शन गेली असती तरी घरात चूल पेटली असती. मग तुरुंगाची भीती? सरकारला फसवलं म्हणून? थोडी होती. पण त्या क्षणी, कानामागे हात जात असताना, माझ्या मनात काय होतं सांगू? त्या चावडीत बातमी ऐकून आलेली खर्ड्याचीही पाच-पंचवीस माणसं होती. माझ्यासमोर दोन वर्षं वाटेल ते बोललेली. आता त्या सगळ्यांना कळेल की हा ऐकत होता. मला त्यांच्यासमोर लाज वाटली. एका माणसाची अब्रू जात होती, आणि मी आपली वाचवत होतो. मी मघाशी लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते याच्यासाठी.

तालुक्याच्या कोर्टात खटला उभा राहिला. मला साक्षीला बोलावलंच नाही. बहिऱ्याची साक्ष कशाची घेणार? हणमंताला सहा महिन्यांची सजा झाली आणि परवाना रद्द झाला.

सजा झाल्यावर लक्ष्मी एकदा आमच्याकडे आली. लढाईतून आणलेली माझी पाण्याची बाटली हणमंताकडे राहिली होती, ती परत द्यायला. मी ओट्यावर छिन्नीला धार लावत होतो. तिने बाटली माझ्यासमोर ठेवली, हात जोडले, आणि मग दारात बसून शरीफाशी बोलत राहिली. माझ्यापासून चार हातांवर.

"म्या म्हनलं हुतं, भाईला येकदा इचारते, दोर वढायच्या आदी ह्यांचं त्वांड हाललेलं तरी दिसलं असंल," ती म्हणत होती. "तर ह्ये म्हनले, भाईकडं जाऊ नगंस. त्याला बिचाऱ्याला काय ठावं. उगा त्याचा जीव टांगनीला लागंल."

मी धार लावत राहिलो. दगडावर छिन्नी घासण्याचा आवाज मला फार मोठा वाटत होता. म्हणजे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं. तुरुंगात जाताजाताही त्याने मला झाकलं होतं.

ती गेल्यावर शरीफाने मला विचारलं, कुजबुजतच – तुम्ही खाली होतात, तुम्हाला आरोळी ऐकू आली होती का? मी म्हटलं, वारं उलटं होतं. तिने थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला की ठेवला नाही, हे मी विचारलं नाही.

पुढचं तुम्हाला हवं तर ऐका. त्या वर्षी नगरला गेलो तेव्हा मागे ताट आपटलं आणि माझी पापणी हलली नाही. इतकी निर्जीव ती कधीच नव्हती. दुसऱ्या एकाच्या नावावर परवाना काढला, त्याला आणि आणखी एकाला रोजावर ठेवलं आणि धंदा पुढे चालू केला. हणमंताच्या दोन पहारी माझ्याकडेच होत्या. त्यांच्यावर काम केलं. एकीवर त्याने हात ठेवला होता, ती कोणती, हे मला बघितल्याबरोबर कळायचं. मी ती रोजावरच्या माणसाला द्यायचो. दोर ठेवला नाही. नवी माणसं हातवाऱ्यांनी खुणा करायची आणि ओरडायचीही. जोरात ओरडलं तर थोडं ऐकू येतं, एवढी सूट मी हळूहळू स्वतःला घेतली. कान बरा झाला म्हणायची हिंमत मात्र कधीच झाली नाही. कधीपासून बरा झाला, असं कोणी विचारलं असतं तर?

सुटून आल्यावर हणमंता खर्ड्यात राहिला नाही. ज्याच्या हातून माणूस मेला त्या वडाराला विहिरीवर कोण घेणार? पालं उचलून तो श्रीगोंद्याच्या बाजूला रस्त्याची खडी फोडायला गेला, असं कानावर आलं. कानावर आलं म्हणजे माझ्यासमोर लोक बोलले.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी काष्टीच्या बाजारात बैल घ्यायला गेलो. दगड वाहायला गाडीबैल हवे होते. मला जनावरातलं कळत नाही, म्हणून तालुक्याच्या गावचा एक ओळखीचा शेतकरी बरोबर घेतला होता, दगडू नावाचा; त्याने हणमंताला कधी बघितलेलं नव्हतं. बाजार भरात होता, बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावलेला, दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करत होते. आम्ही एक जोडी बघून पुढे निघालो होतो.

पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "भाई."

जोरात नाही. अगदी साधं, शेजारी बसलेल्या माणसाला म्हणावं तसं.

आता विचार करा. बहिऱ्याला पाठीमागून कोणी हाक मारतं का? ज्यांनी ज्यांनी मला ओळखलं, ते सगळे पुढे येऊन हात हलवायचे, नाहीतर खांद्याला धरायचे. साऱ्या मुलखात मला पाठीमागून हाक मारणारा एकच माणूस होता. मी वळून बघितलं नाही.

"भाई," पुन्हा हाक आली. जरा जवळून.

त्याला काय हवं होतं? काम हवं होतं का? पहारी परत हव्या होत्या? मला शिव्या द्यायच्या होत्या? की नुसतंच, बऱ्याच दिवसांनी ओळखीचं माणूस दिसलं म्हणून? मला कळलं नाही, आणि आता कळणार नाही. काही वर्षांपूर्वी तो वारला.

दगडू मात्र वळला. लाल मुंडाशाचा कोणी परका वडार हाका मारतोय असं बघून त्याने आपल्या कानाला हात लावला आणि नकाराचा हात हलवला.

"त्याला ऐकू येत न्हाई, बाबा," दगडू म्हणाला. "लई वर्साचा बहिरा हाय त्यो."

मग हणमंताचा आवाज आला, तितकाच साधा.

"व्हय," तो म्हणाला. "ठावं हाय मला."

तेही मला ऐकू आलं. मी दगडूबरोबर पुढच्या बैलजोडीकडे चालत गेलो.